नमस्कार जिना आणि शिरोळचा रॅम्प

गारगोटीत एका खाजगी क्लासची दुमजली इमारत आहे. तिथल्या जिन्यावरून वर जाणारा माणूस, मग तो मास्तर असो की तालुक्याचा पुढारी, अर्ध्या वाटेत मान खाली घालतो. श्रद्धेनं नाही हं. मान घातली नाही तर वरचा बीम थेट कपाळावर बसतो. गावानं त्याचं नाव ठेवलं नमस्कार जिना. नवा विद्यार्थी आला की जुने विद्यार्थी जिन्याखाली टपून बसतात आणि त्यानं टाळकं आपटून घेतलं की टाळ्या पिटतात.

हा जिना कागदावर उतरवला तो संघप्रिया कुरणेनं. तेव्हा ती कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आर्किटेक्ट खोराटे साहेबांच्या ऑफिसात नवी होती. ड्राफ्ट्समनचा कोर्स करून आलेली, बारीक चणीची, पण बोलायला लागली की टेबलावरची पट्टी उडेल अशा आवाजाची. आई मीनाबाई वीटभट्टीवर जायची. लहानपणी संघप्रिया तिला विचारायची, "आई, ही वीट कुणाच्या घरात जाणार गं?" मीनाबाई म्हणायची, "मला काय ठावं? तू शीक आणि तूच ठरीव." पोरीनं ते फारच मनावर घेतलं.

नव्वदच्या दशकात ऑफिसात कॉम्प्युटर नव्हता. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं रेघा मारायच्या. मालकानं बदल सांगितला की दाढीचं पातं घ्यायचं, शाई हलक्या हातानं खरवडायची आणि त्या जागी नवी रेघ ओढायची. जोर जास्त झाला की कागदाला भोक. आणि कोल्हापूरकडचा मालक बदल सांगितल्याशिवाय राहतो होय? पाया भरताना त्याला देवघर पूर्वेला हवं असतं, भिंती चढल्यावर मेहुणा येऊन सांगतो की स्वयंपाकघर अंधारं होतंय, आणि गिलावा करायच्या वेळेला बायको म्हणते, "मला कुणी इचारलंच न्हाय की."

गारगोटीच्या मालकानं जिना डावीकडचा उजवीकडे नेला. संघप्रियानं वरून दिसणारा नकाशा खरवडून नीट केला. पण जिना उभा चिरून दाखवणारा दुसरा कागद असतो, त्याच्यावरचा बीम जुन्याच जागी राहिला. गवंड्यानं जिना एका कागदावरून बांधला आणि बीम दुसऱ्यावरून ओतला. दोन्ही कागद आपापल्या जागी अगदी बरोबर होते.

साहेब तिला ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "संघप्रिया, तू एकदा चढून बघ तो जिना." ती चढली. मान घातली. तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला. एका ठिकाणी बदल केला की तो बाकी सगळीकडे आपोआप कसा पोचेल?

पुढं ऑफिसात कॉम्प्युटर आला. पातं गेलं, शाई गेली, संघप्रियाच्या बोटांवरचे डाग गेले. दुखणं मात्र तेच राहिलं, कारण पडद्यावरही रेघाच होत्या. एका फाइलीतली रेघ हलवली तरी दुसऱ्या फाइलीतलीला त्याचा पत्ता नसायचा. मग महापुराच्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाचच्या शेवटी, पुण्याला बांधकामाचं प्रदर्शन भरलं. साहेब तिला घेऊन गेले. तिथं एका पोरानं पडद्यावर भिंत उभी केली. रेघ नव्हे, भिंतच. तिला जाडी होती, उंची होती, तिच्यात खिडकी बसवली की तिला आपोआप भोक पडत होतं. त्यानं खिडकी सरकवली आणि शेजारच्या चौकटीत उघडलेल्या दुसऱ्या नकाशावरही ती सरकली. तिसऱ्यावरही.

संघप्रियानं साहेबांचा हात दाबला. "साहेब! परत करायला सांगा त्याला."

पोरानं परत केलं. तिनं अजून एकदा करायला लावलं. शेवटी ते पोरगं म्हणालं, "मॅडम, तुम्हीच बसा." ती बसली, ती दुपारचं जेवण विसरून बसली. त्या पद्धतीला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग असं लांबलचक नाव होतं. कोल्हापूरला परतताना कराडच्या अलीकडेच तिनं त्याचं नुसतं 'मॉडेल' करून टाकलं होतं.

"घेऊ आपण," साहेब म्हणाले. "पण एका कामापुरतं. जमलं तर जमलं. नाही तर पुन्हा आपल्या रेघा बऱ्या."

ते एक काम म्हणजे शिरोळचा बाळंतपणाचा दवाखाना.

दवाखाना डॉक्टर प्रीतींचा. त्यांचे सासरे धोंडीराम आबा उसाचे बागायतदार. सुनेसाठी त्यांनी रस्त्याकडेची जमीन दिली होती. पाया भरून झाला आणि कृष्णेला पूर आला. शिरोळात घराघरांत पाणी शिरलं, माणसं होड्यांतून काढली. ओसरल्यावर डॉक्टर प्रीती शाहूपुरीत आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "बाळंतपणाची खोली वर न्यायची. जनरेटर वर. औषधं वर. खाली फक्त तपासणी. आणि पेशंट झोपलेल्या अवस्थेत वर गेली पाहिजे. लिफ्टच्या भरवशावर मी राहणार नाही. पुरात वीजच नसते."

म्हणजे रॅम्प आला. स्ट्रेचर ढकलत नेता येईल असा लांब, बेताचा चढ. मागं जाऊन वळणारा आणि उलटा फिरून पहिल्या मजल्यावर पोचणारा. आणि त्याच्या पहिल्याच पट्ट्यावर आडवा जाणारा एक बीम.

बीम बघून संघप्रियाच्या कपाळाला आपोआप हात गेला.

तिला दुसरंही काही आठवलं. स्वतःच्या बाळंतपणात तिला जिन्यावरून खुर्चीत बसवून वर नेलं होतं. एसटीत वाहक असलेला तिचा नवरा प्रसेनजीत सलाईनची बाटली हात उंच करून धरत शेजारून चढत होता, आणि वळणावर बाटली कमानीला आपटून नळी निसटली होती. पुढं सगळं नीट झालं, लेक आता शाळेतही जात होती. पण ती निसटलेली नळी संघप्रियाच्या मनातून जात नव्हती. कुणाच्या तरी लेकीला याच रॅम्पवरून वर न्यायचंय, मागं तिची आई पदर तोंडाशी धरून चालणार आहे, हे संघप्रियाला डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणून तिनं मॉडेलमध्ये नुसता रॅम्प काढला नाही. स्ट्रेचर काढलं, त्याला सलाईनचा उभा दांडा लावला, दांड्याला बाटली टांगली आणि ते सगळं रॅम्पवरून चालवून बघितलं. कुठं काही धडकलं की मॉडेलमध्ये ती जागा लाल व्हायची.

पहिल्यांदा लाल झाली. तिनं बीमची उभी जाडी कमी करता येईल का ते इंजिनियरला विचारलं, बीम थोडा सरकवला, खालचा कॉलम सरकवला, आणि सगळे नकाशे एका दमात बदलले. पुन्हा चालवलं. बाटली बीमखालून वीतभर अंतर राखून निघून गेली. संघप्रिया खुर्चीतून उठून ओरडली, "गेली! गेली!"

आतल्या केबिनमधून साहेब धावत आले. "कोण गेली? काय झालं?"

"बाटली गेली साहेब. खालनं."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण तेही हसले.

मे महिन्याच्या शेवटाला कॉलम ओतून झाले, स्लॅबखाली सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या. पाऊस लागायच्या आत स्लॅब ओतून व्हायला हवा होता. शुक्रवार ठरला. आमच्याकडे स्लॅब म्हणजे नुसतं काँक्रीट नाही, त्या दिवशी मालक कामगारांना मटणाचं जेवण घालतो. आबांनी बकरंही ठरवून टाकलं होतं. बुधवारी इमाम मिस्त्रींचा शिरोळहून फोन आला. इमाम मिस्त्री साहेबांची कामं वर्षानुवर्षं करत होते. माणूस असा की काम सोडून जेवायला बसणार नाही, आणि मालकाला कधी नाही म्हणणार नाही.

"म्याडम, स्लॅबची समदी तयारी झाली. सळया बांधून हायत. तेवढं म्होरच्या दाराच्या पायऱ्या वाढीव काढून द्या. हाय त्येवढ्या पुरंनात."

"का पुरेनात मिस्त्री? मोजून दिल्यात की."

"आवो जोतं चढवलं न्हवं का आपण."

संघप्रियाचा हात टेबलावरच थांबला. "जोतं? किती चढवलं?"

"विटांचं तीन थर. आबा म्हनलं, गेल्या पुराचं पाणी हितपत आलतं, त्याच्यावर पायजे. म्हातारा माणूस सांगतोय, न्हाय कसं म्हणायचं? चांगलंच केलंय की."

"मला का नाही कळवलं?"

"त्येच्यात काय कळवायचं म्याडम? जोतं म्हंजी जोतं. वर तर काय हात लावला न्हाय."

इथंच सगळी गोम होती. आमच्याकडे बदल असाच होतो. चहाचा कप हातात, पाय वाळूवर, आणि घरातलं वडीलमाणूस म्हणतं, "जरा वर घ्या." गवंडी वर घेतो. कुणाच्या मनात पाप नसतं. पण संघप्रियाचं ते हुशार मॉडेल शाहूपुरीत होतं आणि चहा शिरोळात.

तिनं फोन ठेवला आणि मॉडेलमध्ये जोत्याची उंची बदलली. एकच आकडा. पडदा क्षणभर थांबला आणि मग सगळी इमारत जणू श्वास घेऊन हलली. खालची फरशी वर आली, दारं वर आली, रॅम्पचं तोंड वर उचललं गेलं. कॉलम ओतून झालेले, त्यामुळं वरचा मजला जागचा हलला नाही. तिनं स्ट्रेचर चालवलं. बीमपाशी बाटली लाल झाली. नुसती बाटली नाही, दांड्याची वरची बाजूही.

"साहेब," ती म्हणाली, "दुसरा नमस्कार जिना होतोय."

साहेबांनी पडदा बघितला. "फोनवर सांगू मिस्त्रीला."

"फोनवर काय सांगणार? बीम लाल झालाय म्हणू? त्यांना दाखवायला पाहिजे."

"कसं दाखवणार?"

संघप्रियानं कॉम्प्युटरकडे बघितलं. साहेबांनी संघप्रियाकडे बघितलं. "नाही," साहेब म्हणाले. "अजिबात नाही."

अर्ध्या तासात साहेबांच्या मारुती व्हॅनमध्ये कॉम्प्युटर चढला होता. तो काळ बोजड काचेच्या पडद्यांचा. संघप्रियानं तो पडदा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला, तान्हं मूल घ्यावं तसा. हातकणंगल्यापर्यंत तिचे पाय बधिर झाले. प्रत्येक खड्ड्याला ती "साहेब, हळू!" म्हणायची आणि साहेब म्हणायचे, "तू बाळंतीण आहेस का पडदा बाळंतीण आहे?"

साइटवर वीज गेलेलीच होती. भारनियमनाचे दिवस होते ते. धोंडीराम आबांनी आपला जनरेटर सुरू केला. सिमेंटच्या पोत्यांवर फळी, फळीवर कॉम्प्युटर, ऊन लागू नये म्हणून वर ताडपत्री. कामगार हातातलं टाकून गोळा झाले. आबा पुढं खुर्ची टाकून बसले, डॉक्टर प्रीती गावातल्या जुन्या दवाखान्यातली तपासणी अर्धी टाकून आल्या.

"पावणं, टीव्ही लावताय व्हय?" मागून कुणीतरी विचारलं.

"व्हय," इमाम मिस्त्री म्हणाले, "तुजंच काम दावणार हायत, गप बघ."

संघप्रियानं दवाखाना पडद्यावर फिरवला. पोर्च, दार, खोल्या. माणसांनी आपण बांधलेल्या भिंती ओळखल्या आणि एकच गलका झाला. मग तिनं रॅम्पवरून स्ट्रेचर चालवलं. बीमपाशी बाटली लाल झाली आणि गलका बंद पडला.

"म्हंजी," आबा म्हणाले, "माज्या तीन थरानं ही गत झाली म्हणा की." आवाजात राग होता. "मग काय जोतं फोडू? मागल्या साली हितं गुडघाभर पाणी हुतं, पोरी. मी सवता बघितलंय. तुजा तो कॉम्प्युटर बघाय आलता का?"

"आबा, जोतं फोडायचं नाही," संघप्रिया म्हणाली. "तुमचं बरोबरच आहे. मला आधी कळलं असतं तर मीच चढवून दिलं असतं. आता बाकीचं त्याच्या मापानं बसवू."

आबा जरा निवळले. इमाम मिस्त्री पुढं सरकले. "उलटा बीम घेऊ म्याडम. खाली लोंबणारा बीम स्लॅबच्या वर काढायचा. खाली जागाच जागा."

संघप्रियाचे डोळे चमकले. तिनं तिथल्या तिथं बीम उलटा केला. खाली सगळं मोकळं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण तिनं वरचा मजला उघडला, आणि बाळंतपणाच्या खोलीच्या दारात एक उंबरा उभा राहिलेला दिसला. उलटा बीम वर आला होता.

"हे नको," डॉक्टर प्रीती लगेच म्हणाल्या. "स्ट्रेचरची चाकं अडकतील."

"आयला," इमाम मिस्त्री पडद्याकडे टक लावून म्हणाले, "हिथं हलवलं की तिथं बी हलतंय. कागदावर असतं तर हा उंबरा मला फरशी बसवतानाच दिसला असता."

मग जो तो सांगू लागला. कुणी म्हणे बीम बारीक करा, कुणी म्हणे दांडा आखूड करा. संघप्रिया एकेक करून बघत होती, आणि एकेक लाल होत होतं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. शुक्रवारचा स्लॅब पुढं ढकलायचा तर पाऊस कुणाच्या हातात होता? आणि आबांना बकऱ्याची काळजी.

"एवढा गोंधुळ कशाला," आबा शेवटी वैतागून म्हणाले. "मी तुमचा तीन थराचा चढ वाचवला, आणि मलाच बोल! पेशंट आधीच तेवढी वर आली की. तेवढं कमी ढकलायचं."

संघप्रिया थांबली. तिनं आबांकडे बघितलं आणि मग पडद्याकडे.

"आबा, परत म्हणा."

"काय परत म्हणा? चढ कमी झाला म्हनलं."

"कमी झाला! साहेब, चढ कमी झाला!" ती इतक्या जोरात ओरडली की जनरेटरशेजारचं कुत्रं उठून पळालं. "आपण सगळे बीमला झोंबतोय. बीमचं काय चुकलंय? रॅम्पचं तोंड चुकलंय. चढ कमी आहे तर रॅम्प लांब कशाला? उतार आधीसारखाच ठेवायचा, सुरुवात फक्त आत घ्यायची. म्हणजे बीमखाली रॅम्प जिथं होता तिथंच राहतो. खालचा तुकडा तेवढा जोत्यात गेला!"

तिनं रॅम्पचं तोंड धरलं आणि एक खण आत सरकवलं. मॉडेल हललं. तिनं स्ट्रेचर चालवलं. बाटली बीमपाशी आली, बीमखाली गेली आणि पलीकडं निघाली. लाल नाही.

गर्दीतून जो आवाज उठला, तो कुस्तीच्या फडात उठतो तसा. इमाम मिस्त्रींनी डोक्याचा पटका काढून हवेत फेकला.

पण संघप्रिया अजून पडद्यातच होती. रॅम्पचं तोंड आत आलं, तसं ते मलमपट्टीच्या खोलीच्या दारावर आलं होतं. तिनं दार भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. बाहेर दारापुढचा उतार पार फाटकापर्यंत लांबला, तोही दिसला. डॉक्टर प्रीतींनी दोन्ही बघितलं आणि मान डोलावली. वरचा मजला, बीम, स्लॅब, कशालाच हात लावावा लागला नव्हता.

"मग शुक्रवार?" साहेबांनी विचारलं.

"शुक्रवार," संघप्रिया म्हणाली.

"बकरं?" आबांनी विचारलं.

"बकरं पण शुक्रवार."

निघताना तिनं इमाम मिस्त्रींना बाजूला घेतलं. "मिस्त्री, एक वचन द्या. आबा काही म्हणाले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुद्द साहेब म्हणाले, तरी आधी मला फोन, मग विटेला हात."

"आणि तुमी न्हाय म्हनलासा तर? आबाला मी काय सांगू?"

"माझ्या नावानं सांगा. म्हणावं, शाहूपुरीची म्याडम लई खट आहे."

"ते तर समद्यांस्नी ठावंच हाय," मिस्त्री म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. पण वचन पाळलं त्यांनी. पुढं एका खुंटीसाठीही फोन यायचे. एकदा तर गवताची गंजी कुठं लावू म्हणून विचारायला आबांचाच आला.

स्लॅब शुक्रवारी ओतून झाला. त्या पावसाळ्यात कृष्णेनं पुन्हा रंग दाखवला, पण पाणी जोत्याच्या खालीच राहिलं. आबा चार गावं सांगत फिरले. पावसाळा उलगडल्यावर सेंट्रिंग निघाली, रॅम्प ओतला, तो वाळला. मग संघप्रिया प्रसेनजीतला आणि लेकीला घेऊन शिरोळला गेली. गारगोटीच्या वेळेसारखं मागून कळायला नको होतं तिला. डॉक्टर प्रीतींनी स्ट्रेचर आणलं होतं, त्याला दांडा आणि दांड्याला पाण्यानं भरलेली बाटली.

"पेशंट कोण?" इमाम मिस्त्रींनी विचारलं.

"मी," धोंडीराम आबा म्हणाले आणि चपला काढून स्ट्रेचरवर आडवे झाले. पटका पोटावर, मिशा आभाळाकडे. सुनेनं तोंडाला पदर लावला. "हसू नका," आबा म्हणाले, "ह्या दवाखान्यातलं पयलं बाळंतपण माजं."

इमाम मिस्त्री मागून ढकलू लागले. प्रसेनजीतनं सवयीनं बाटलीकडे हात नेला, तर संघप्रियानं तो खाली केला. "राहू दे. तिची ती जाईल."

स्ट्रेचर चढू लागलं. बीम जवळ आला. संघप्रिया शेजारून चालत होती आणि तिची नजर बाटलीच्या बुडबुड्यावर. बीमची सावली आबांच्या मिशांवरून सरकली, बाटली वीतभर अंतर राखून खालून गेली, जरा हेलकावली, एवढंच.

लेक टाळ्या पिटत होती. "आई, तू का वाकलीस?"

संघप्रियाच्या लक्षात आलं, तिची मान खाली गेलेली होती. वर हातभर जागा मोकळी होती. ती ताठ झाली आणि हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"थांबलासा का?" वळणावरून आबा ओरडले. "वर नेऊन ठेवा की मला. आणि मग परत खालनं एकदा!"